पान एकशे तेरा

खजुरी बाजारात हातिमभाईंच्या दुकानी
तीन तऱ्हेची पुस्तकं मिळतात:
शाळेची, स्पर्धापरीक्षेची,
आणि कुणीच मागत नाही ती, किलोवर.
मी किलोचा गिऱ्हाईक.

तीस वर्षं मिलमध्ये लुगड्यांचे काठ आखले,
आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत:
करवत, रुईफूल, कोयरी.
मिल बंद पडली तेव्हा हिशेबात मिळालं
एक घड्याळ, आणि माझीच फूटपट्टी.
मग केव्हातरी हाती आलं हे जाडजूड इंग्रजी प्रकरण:
व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या
पुस्तकांच्या कापडी बांधणीवर.
सोनेरी वर्खाचे ठसे, वेली, पंखे, बगळे
आणि काठ.
चक्क काठ!
लंडनच्या कुणा कारागिरानं
माझ्याआधी शंभर वर्षं
कोपऱ्यात वेल वळवायची कशी
या पेचात रात्री घालवल्या होत्या,
आणि त्यालाही तो कोपरा
धड जमला नव्हता.

तेव्हापासून जमवतो.
ती जुनी पुस्तकं नव्हेत, ती कुणाला परवडणार?
त्यांच्याविषयीची पुस्तकं.
त्यातही कोरी नकोत.
लिहिणाऱ्यानं कुणालातरी दिलेली हवी,
पहिल्या पानावर शाई हवी,
कुणाचं कुणाशी काहीतरी असायला हवं.
कुंदा म्हणते, दुसऱ्यांची पत्रं वाचायची
ही तुमची सभ्य रीत.
खोटं नाही.

एकोणीस झाली. बहुतेक नुसती
'सप्रेम', 'सादर', 'आठवण म्हणून'.
एकीत फक्त तारीख, आणि खोडलेलं नाव;
खोडणाऱ्यानं कागद पार भोक पडेस्तोवर घासलाय.
ती मी सहसा उघडत नाही.

मग मार्गशीर्षात
महूच्या कुठल्याशा बंगल्यातली रद्दी उतरली
आणि तीत ही विसावी.
निळीकाळी शाई, उजवीकडे कललेलं अक्षर,
दुकानाच्या पायरीवरच अडखळत लावलं:
'एडिथला.
पान एकशे बारावरची चूक तुझ्यामुळे टळली.
एकशे तेरावरची माझी.'

बोटाला थुंकी लावू नये, माहीत आहे.
लावली.
एकशे तेरा: एका मुखपृष्ठाचं चित्र,
हिरवं कापड, सोनेरी बगळे,
छापताना अख्खं उलटं बसलेलं.
पाय आभाळात, चोची खाली,
तळं डोक्यावर घेऊन निघालेला थवा.
आणि खाली पेन्सिलीनं, बारीक,
दुसऱ्याच कुणाच्या हातचं:
'मला दिसलं होतं. असेच बरे वाटले.'

कोण होती ही? मुद्रितं तपासणारी?
बहीण? दुसऱ्या कुणाची बायको?
त्यानं ही ओळ कधी वाचली का?
की प्रत तिच्याकडेच राहिली,
आणि उत्तर देऊनही पोचलंच नाही?
हातिमभाईंना विचारलं.
ते तराजू पुसत म्हणाले,
'भाईसाब, रद्दी से सवाल नहीं करते.'

माझ्याही हातून एक काठ उलटा गेला होता,
एकोणऐंशी साली, बाराशे लुगडी.
नकाशाघरात शेजारच्या टेबलावर पद्माकर रेगुंडवार बसे.
त्यानं तो पाहिला असणार, तो सगळं पाही.
बोलला नाही.
मीही विचारलं नाही,
आणि आता विचारायला तो नाही.

हातिमभाईंचा नातू मुर्तझा
पुस्तक कण्याला धरून ओढत नाही,
दोन्ही अंगांनी धरून काढतो.
कुणी शिकवलेलं नाही.
काल त्या एकोणिसांतलं एक त्याच्यासाठी काढलं,
पहिल्या पानावर जागा होती, तीत लिहिलं:
'मुर्तझास. मी एकदा घासाघीस केली,
तू भाव दोनदा उतरवलास.'

शाई वाळल्यावर दिसलं,
'घासाघीस'मधला 'घी' ऱ्हस्व पडलाय.
ब्लेड हातात घेतलं.
मग ठेवून दिलं.

पोरगं हुशार आहे, पण मराठी येत नाही त्याला.
कुणाकडून तरी वाचून घेईल.